बॅच सुरू झाली, स्वतःची सतरंजी मात्र गुंडाळलेलीच

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

"मी नाशिकला नऊ वर्षं योगवर्ग घेते. दुसऱ्या बाळंतपणाला पाच महिने झाले. प्रसूती नैसर्गिक, टाके पडले होते. मोठी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. विद्यार्थी दुसरीकडे जायला लागले म्हणून तीन महिने होताच सकाळी सहा आणि सात अशा लागोपाठ दोन बॅच पुन्हा सुरू केल्या. सूर्यनमस्कार दाखवताना पाय उडी मारून मागे नेले की लघवीचे थेंब सुटतात. अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध लांबट फुगवटा येतो. उजवं मनगट अंगठ्याच्या बाजूने ठणकतं. स्वतःचा सराव शून्य. सासूबाई म्हणतात, एवढी घाई कशाला, अंगात वारं भरेल. सगळ्यात जास्त लागतं ते हे, की वर्गात तासभर 'श्वास सोडा, सैल व्हा' म्हणणारी मी घरी येऊन मोठीवर खेकसते. रथसप्तमीला विद्यार्थ्यांना माझ्याबरोबर १०८ सूर्यनमस्कार घालायचे आहेत. मी पूर्ववत कधी होईन? योग शिकवणाऱ्या बाईचं असं व्हावं का?" (एक योगशिक्षिका)

ताई, मोठीवर खेकसण्याचं तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय, तरी आधी थेंबांबद्दल बोलू. ते उद्या सकाळी सहाला पुन्हा सुटणार आहेत, आणि त्यावर उद्यापासूनच काही करता येतं.

उडी आजपासून बंद. सूर्यनमस्कार दाखवायचाच असेल तर एकेक पाय मागे नेऊन, गुडघे टेकवून. वर्गात दोरीउड्या, जागेवर धावणं किंवा उड्या मारत अंग गरम करणं असेल तर तेही तुम्ही करायचं नाही, विद्यार्थ्यांनी करायचं. नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलायचं उत्तानपादासन, पूर्ण चतुरंग दंडासन, उष्ट्रासन, ऊर्ध्व धनुरासन आणि पोट पिळणारे खोल पीळ तूर्त बाजूला ठेवा. कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान बंध आणि नौलीही. कपालभातीवर विशेष जोर द्यावासा वाटतो, कारण 'बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आत जातं' म्हणून बायका ती आवर्जून करतात आणि शिक्षिकाही आवर्जून सांगतात. प्रत्येक झटक्याला पोटातला दाब वाढतो. हा दाब जिथे आधार कमी तिथे वाट काढतो: पुढे पोटाच्या मधल्या पट्टीतून आणि खाली पेल्व्हिक फ्लोअरमधून, म्हणजे ओटीपोटाच्या तळाला आधार देणाऱ्या स्नायूंमधून. तुमच्या दोन्ही तक्रारी म्हणजे याच दोन वाटा.

फुगवटा किती आहे ते घरीच तपासता येईल. उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर. एका हाताची बोटं जुळवून बेंबीच्या किंचित वर, टोकं पायांकडे करून पोटावर ठेवा. श्वास सोडत फक्त डोकं आणि खांदे जरासे उचला. बोटांच्या दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा जवळ येताना जाणवतील. मध्ये किती बोटं मावतात ते मोजा. मग बेंबीच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली असंच पाहा. दोन बोटांपर्यंतच्या अंतराची सहसा काळजी नसते. त्याहून जास्त असेल तर लक्ष द्यायचं. पण रुंदी मोजून थांबू नका, खोलीही पाहा. बोटांखाली ताणलेल्या कापडासारखा ताठपणा लागतो, की बोटं मऊ लोण्यात गेल्यासारखी आत जातात? अंतर तीन बोटांचं असूनही तळ ताठ असेल, तर दोन बोटांच्या पण मऊ तळापेक्षा ती स्थिती पुष्कळदा बरी असते. हे अंतर पहिल्या आठ आठवड्यांत आपसूक बरंच कमी होतं, नंतर त्याचा वेग मंदावतो. म्हणून पाचव्या महिन्यात ते नुसतं वाट पाहून भरून येईल असं धरून चालू नका.

अंथरुणातून सरळ उठणं बंद. आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटून उठा. बाळ रडलं की दिवसातून पंधरा-वीस वेळा आपण ताडकन उठतो, आणि पोटाच्या मधल्या पट्टीला आसनांपेक्षा हाच ताण जास्त वेळा बसतो. बादली, गॅस सिलिंडर, मोठी मुलगी, काहीही उचलताना आधी श्वास सोडायला लागा, मग उचला. श्वास रोखून उचललं की सगळा दाब खाली जातो.

पेल्व्हिक फ्लोअरचे व्यायाम तुम्ही शिकवतही असाल, कदाचित मूलबंध या नावाने. पण योगशिक्षिकांकडून इथे एक चूक हमखास होते. त्यांना आकुंचन येतं, सैल सोडता येत नाही. वर्षानुवर्षं 'मूलबंध धरा' ऐकून हे स्नायू सतत आखडलेले राहतात, आणि आखडलेला स्नायू शिंकेच्या क्षणी आणखी आकुंचन पावू शकत नाही. म्हणून क्रम असा ठेवा. श्वास घेताना बरगड्या बाजूंना उघडू द्या, पोट सैल, बैठकीची हाडं एकमेकांपासून दूर सरकल्यासारखी वाटू द्या. श्वास सोडताना वायू आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत आणि वर ओढा. नितंब, मांड्या, जबडा आवळायचे नाहीत. तीन ते पाच सेकंद धरा, पण श्वास चालू राहू दे. मग तेवढाच वेळ किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण सोडा. एका वेळी आठ ते दहा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. शेवटी दहा झटपट आकुंचनं घ्या, शिंकेच्या वेळी तीच उपयोगी पडतात. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून हा सराव कधीच करू नका, त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

आकुंचन केल्यावर थेंब वाढले, संबंधांच्या वेळी दुखलं, किंवा लघवी सुरूच व्हायला वेळ लागला, तर स्नायू कमजोर नसून आखडलेले असण्याची शक्यता आहे. मग घरचा सराव थांबवा आणि पेल्व्हिक फ्लोअरचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. खाली काही ओथंबल्यासारखं, जड वाटत असेल, आपल्याकडे बायका ज्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात तसं, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. या गोष्टी मोठ्याने बोलल्या जात नाहीत. 'दोन मुलं झाली की असं होणारच' म्हणून बायका वीस वर्षं पॅड लावून काढतात. थेंब सुटणं नेहमी आढळतं हे खरं, पण ते सहन करत बसायचं कारण नाही, बहुतेकींचं ते बरं होतं.

सासूबाईंच्या म्हणण्यातलं अर्धं घ्या. सव्वा महिना बाळंतिणीला खोलीत ठेवणं, शेक, मालिश, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर या रिवाजांत ऊतींना भरून यायला वेळ देणं आहे आणि भरपूर खाऊ घालणंही आहे. पोट बांधण्याबद्दल मात्र सांभाळा. पट्टा किंवा साडीची घडी इतकीच घट्ट असावी की पूर्ण श्वास घेता येईल. करकचून बांधलं की पोट दिसायला आत जातं, पण दाब खाली ढकलला जातो, आणि तुमच्यासारख्या बाईला नेमकं तेच नको आहे. व्यायाम करताना तर पट्टा काढूनच ठेवा.

आता मनगट. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या बाजूला हळूच झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर तिथल्या कंडऱ्यांना, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांना, सूज आहे असं धरायला हरकत नाही. याचं मूळ योगवर्गात शोधू नका, बाळ उचलण्यात शोधा. बाळाच्या काखेत हात घालून अंगठे ताणून आपण दिवसभर त्याला उचलतो. त्याऐवजी एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेमागे, तळवे वर करून, कोपरापासूनच्या हातावर वजन घेत उचला. मनगट सरळ राहिलं पाहिजे. पाजताना बाळाचं डोकं मनगटावर तोलू नका, उशीवर किंवा कोपराच्या खोबणीत ठेवा. सहा आठवडे अधोमुख श्वानासनात तळव्यांवर वजन नाही. भिंतीवर हात ठेवा, किंवा मुठी टेकवा, किंवा कोपरं टेकवून करा. तरी दुखणं कमी नाही झालं तर अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट अस्थिरोगतज्ज्ञ देतील. तो लाजून टाळू नका, विद्यार्थ्यांसमोरही घाला.

'स्वतःचा सराव शून्य' हे तीन शब्द तुम्ही पत्रात ओझरते लिहून गेलात. आम्हाला ते बाकी सगळ्यापेक्षा गंभीर वाटले. आठवड्याला बारा तास शिकवणाऱ्या शिक्षिकेला वाटतं, आपलं आसन रोज होतंच आहे. पण दाखवणं आणि करणं यांत फरक आहे. दाखवताना अंग गरम झालेलं नसतं, लक्ष समोरच्यांच्या गुडघ्यांवर असतं, बोलत असल्याने श्वास अर्धवट असतो, आणि आसन पूर्ण झालं न झालं तोच आपण उठून कुणाचा तरी खांदा सरळ करायला जातो. शिवाय बहुतेक शिक्षक दरवेळी उजवीच बाजू दाखवतात. महिन्याला शेकडो वेळा एकाच बाजूचा वीरभद्र आणि त्रिकोण झाला की एका बाजूच्या कमरेवर आणि खुब्यावर त्याची खूण उमटते. बाळही त्याच कमरेवर बसतं. तुमची कोणती बाजू दुखते ते एकदा तपासून पाहा.

म्हणून वीस मिनिटं. चाळीस नाहीत, तास नाही. ही वीस मिनिटं पाजून झाल्यावर लगेच घ्या. स्तन हलके असले की पालथं किंवा पुढे वाकायला त्रास होत नाही, आणि पुढचा दीड-दोन तास बाळ बहुधा मागत नाही. अगदी रिकाम्या पोटी नको. पहाटे उपाशीपोटी आसनं करायची तुमची नऊ वर्षांची सवय असेल, पण अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. अर्धा तास आधी एक केळं किंवा छोटा डिंकाचा लाडू आणि पाणी घ्या. घट्ट स्पोर्ट्स ब्रा दोन तास घालून ठेवू नका, दुधाची गाठ बसते.

सरावाचा क्रम असा. पहिली चार मिनिटं पाठीवर, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, कंबर जमिनीला सैल टेकलेली, एक हात बरगड्यांवर आणि एक ओटीपोटावर ठेवून वर सांगितलेला श्वास. मग पाय खाली घेऊन सेतुबंध: श्वास सोडत कंबर उचला, वर एक श्वास, सोडत खाली, असे आठ. वर जाताना बरगड्या छताकडे फेकल्या जात असतील तर उंची कमी करा. मग गुडघ्यांवर येऊन मुठींवर किंवा कोपरांवर मार्जारासनाची आठ आवर्तनं. पाठीचा बाक करताना पोट खाली लोंबू देऊ नका. पुढे भिंतीशी उभं राहून, हात खांद्याच्या उंचीवर टेकवून मागे सरकत अर्धं श्वानासन, पाच-सहा श्वास, दोनदा. पाजून पाजून खांदे पुढे आलेले असतात, त्यांना याची फार गरज असते. लगेच ताडासनात गोमुखासनाचे हात, नंतर गरुडासनाचे हात, दोन्ही बाजूंना पाच पाच श्वास. गोमुखात बोटं जुळत नसतील तर मध्ये ओढणी धरा. मग भिंतीला पाठ टेकवून उत्कटासनात हळू खाली-वर सहा वेळा, वर येताना श्वास सोडत. शेवटी चार मिनिटं सुप्त बद्धकोणासन: पाठीखाली लोड, डोक्याखाली घडी केलेली चादर, आणि दोन्ही मांड्यांखाली उशा. मांड्यांखालच्या उशा सोडू नका. बाळंतपणानंतर काही महिने सांधे सैल असतात, आणि लवचीक शिक्षिकेला ही सैलपणाची गंमत वाटते. 'अरे, माझं हनुमानासन पूर्ण जमतंय!' असं वाटून खोल जाणाऱ्या बायकांना पुढे जांघेत किंवा कमरेमागच्या सांध्यात महिनोन्‌महिने दुखत राहतं. जघनास्थीच्या जोडावर, म्हणजे ओटीपोटाच्या अगदी खाली मध्यभागी दुखत असेल तर पाय फाकवायची सगळी आसनं, हेही, बंद. शेवटी भ्रामरी पाच ते सात. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको.

बाळ मध्येच उठलं तर क्रम मोडू द्या. त्याला शेजारी सतरंजीवरच पालथं घाला, पलंगावर नको. त्याच्या मानेचा आणि हातांचा व्यायाम होतो, तुमचं मार्जारासन त्याला समोर दिसतं. पण बाळाला पायांवर किंवा हातांत तोलून नौकासन करायचे ते व्हिडिओ कृपा करून करू नका. ज्या पोटाला स्वतःचे पाय पेलत नाहीत त्यावर सात किलो वाढतात.

रात्री चारपेक्षा जास्त वेळा उठावं लागलं असेल, तर त्या दिवशी फक्त पहिली चार आणि शेवटची चार मिनिटं. बाळ दुपारी झोपलं आणि तुमचे डोळे मिटत असतील, तर सतरंजी तशीच राहू द्या आणि झोपा. योगनिद्रेची वीस मिनिटं विश्रांती देतात, पण बुडालेल्या झोपेची भरपाई ती करत नाहीत. चार तासांच्या झोपेइतकी एक योगनिद्रा, असा हिशेब कुणी सांगितला तर मानू नका.

यात साधना कुठे राहिली, असं मनात येईल. मुंबईत १९१८ साली श्री योगेंद्रांनी योग संस्था सुरू केली ती संसारी माणसांसाठीच, आणि त्यांच्या पत्नी सीतादेवी तिथे बायकांना शिकवत. पुण्यात गीता अय्यंगार यांनी पाळी, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे महिने यांसाठी वेगवेगळा अभ्यास आखला, खुर्ची, लोड, पट्टे, भिंत यांच्या आधाराने. आधार घेऊन केलेलं आसन कमी प्रतीचं, ही समजूत या महाराष्ट्रातच कधीची खोडून निघालेली आहे. पतंजलींनी दीर्घकाळ, खंड न पडू देता आणि आदराने केलेल्या अभ्यासाला पक्का म्हटलंय, त्यात मिनिटांची अट नाही. आदराने या शब्दावर तुम्ही या वर्षी थांबावं असं आम्हाला वाटतं. त्यात स्वतःच्या शरीराचा आदरही आला.

आता बॅचेस. सहा आणि सात अशा लागोपाठ दोन म्हणजे घरातून साडेपाचला बाहेर आणि सव्वाआठला परत. पावणेतीन तासांत स्तन भरून दगड होतात. असं रोज झालं तर गाठ, लाली, ताप अशी चढण लागायला वेळ लागत नाही. ताप आला आणि स्तन लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर त्या बाजूने पाजणं चालूच ठेवायचं. सहाची बॅच तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या, शिकवायची तयारी असलेल्या विद्यार्थिनीला द्या. तिला फीमधला टक्का देण्यापेक्षा प्रत्येक वर्गाचे ठरलेले पैसे द्या. टक्केवारीत एक विद्यार्थी कमी झाला की दोघींची मनं कडू होतात. नोकरदार बायकांना मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. स्वतःच्या जिवावर वर्ग चालवणाऱ्या शिक्षिकेला ती नाही. म्हणून तुम्ही तीन महिन्यांत परत आलात यात घाई किंवा हाव आम्हाला दिसत नाही, गरज दिसते. पण एक बॅच नीट राखली तर दोन्ही टिकतील. आठवड्यातून एक दिवस दोन्ही वर्ग बंद ठेवा आणि ते महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाका.

उरलेल्या बॅचमध्ये दाखवणं निम्म्यावर आणा. आसन एकदाच दाखवा, गुडघे टेकवून, आणि महिन्याआड बाजू बदला. बाकी तोंडाने शिकवा. 'उजवा पाय बाहेर वळवा, टाच डाव्या पायाच्या मध्याच्या रेषेत, आता गुडघा घोट्यावर आणा' अशा नेमक्या सूचना ज्या वर्गात मिळतात, तिथे विद्यार्थी शिक्षिकेकडे बघत मान वाकडी करून आसन करत नाहीत. म्हणजे यात त्यांचाही फायदा आहे. ओढून, वाकून, कुणाला पाठीवर घेऊन दुरुस्ती करायचं वर्षभर थांबवा.

मोठीवर खेकसण्याबद्दल. सकाळी पाचला उठलेली, रात्री तीनदा जागलेली, दोन तास गोड आवाजात बोलून आलेली बाई दार उघडते, तेव्हा एका हाताला बाळ लागतं आणि दुसऱ्या हाताला मोठी लोंबकळते. संयम रोज नव्याने भरणारी घागर असेल, तर तुम्ही ती वर्गात रिकामी करून येता. योग शिकवणाऱ्या बाईला राग येऊ नये हा नियम कुठल्याही शास्त्रात नाही. तो तुमच्या विद्यार्थ्यांच्या आणि शेजारणींच्या मनात आहे, आणि तिथून तो तुमच्या मनात आलाय.

करून बघण्यासारखं एवढं आहे. दाराची बेल वाजवण्याआधी जिन्यात उभं राहून पाच श्वास, चार मोजत आत, सात-आठ मोजत बाहेर. आत आल्यावर हातपाय धुऊन, ग्लासभर पाणी पिऊन आधी बाळाला पाजणं भागच असेल, तर मोठीला त्याच वेळी शेजारी मांडीला टेकून बसवा, तिच्या हातात पुस्तक द्या. पाजून झालं की बाळ आजीकडे आणि दहा मिनिटं फक्त मोठीची. फोन दुसऱ्या खोलीत. विद्यार्थ्यांचे 'ताई, आज कंबर दुखतेय' वाले मेसेज दुपारी ठरलेल्या अर्ध्या तासात बघा, तसं ग्रुपवर लिहून ठेवा. तरीही आवाज चढलाच, तर शांत झाल्यावर तिच्या उंचीला बसून सांगा: 'मी ओरडले. मी दमले होते. तुझी चूक नव्हती.' त्यापुढे 'पण तू पण ना...' जोडू नका. आणि मोठी रडत असताना तिला 'दीर्घ श्वास घे' म्हणू नका. ती रागवलेली असते, आणि त्या क्षणी तिला ते 'गप्प बस' असंच ऐकू येतं.

तिला तुमच्याबरोबर सतरंजीवर यायचं असेल तर सात मिनिटं पुरेत, आणि शिक्षिका ती. तिने मांजर सांगितलं की तुम्ही मांजर, बेडूक म्हटलं की बेडूक, झाड म्हटलं की वृक्षासन. तिचे गुडघे सरळ करू नका, मोजून धरायला लावू नका. शीर्षासन आणि श्वास रोखायचे कोणतेही प्रकार या वयात नकोत. नव्या बाळामुळे घरात जिचं राज्य गेलंय, तिला ही सात मिनिटं परत मिळतात.

एक तपासणी मात्र टाळू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही, आणि धडधड, चिडचिड, गळून जाणं ही त्याचीही लक्षणं आहेत. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी लोह, मग वीरभद्रासन. आणि दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, कशातच रस उरला नसेल, तर प्राणायाम वाढवून बघू नका, डॉक्टरांना दाखवा. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

'पूर्ववत कधी' याचं उत्तर तारखेने देण्यापेक्षा खुणांनी देतो. अर्धा तास भरभर चालूनही थेंब नाही, खाली जडपणा नाही. एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं, दोन्ही बाजूंना. जागेवर एक मिनिट हलकं धावूनही कोरडं. डोकं उचलल्यावर पोटाचा फुगवटा दिसत नाही. या चारही खुणा पटल्या की गुडघे टेकवून तीन सूर्यनमस्कार, आठवड्यातून तीन दिवस. दोन आठवडे काही त्रास नाही झाला तर सहा. फुगवटा परत दिसला किंवा दुसऱ्या दिवशी जड वाटलं तर एक पायरी मागे. साष्टांगाचा, म्हणजे गुडघे, छाती, कपाळ टेकवायचा आपला जुना सूर्यनमस्कार, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांत नेलेला, तुमच्यासाठी चतुरंगापेक्षा कितीतरी सोयीचा आहे.

रथसप्तमीला १०८ तुम्ही घालायचे नाहीत. अजून दोन-अडीच महिने आहेत, तरी नाही. आत्ताच वर्गात जाहीर करा, म्हणजे ऐनवेळी कुणाच्या आग्रहापुढे मान तुकवावी लागणार नाही. नऊ सूर्यनमस्कारांच्या बारा फेऱ्या करा, प्रत्येक फेरीला दोन वेगळे विद्यार्थी पुढे उभे राहून दाखवतील. तुम्ही माइकवर मंत्र आणि मोजणी घ्या, फेऱ्यांच्या मधला श्वास सांभाळा, आणि सहाव्या फेरीनंतर दहा मिनिटांची सुट्टी ठेवा. तेवढ्यात बाळाला पाजून होतं. मोठीला पहिल्या रांगेत जागा द्या, पहिल्या तीन नमस्कारांपुरती.